आधी पाणी, मग रंग

यावेळी सदराला आलेल्या पत्रांत रंगाचीच पत्रं जास्त आहेत, आणि बहुतेकांची तक्रार एकच: पाकीट, पट्टा, चप्पल छान रंगते, पण मोठं कातडं हातात घेतलं की डाग आणि पट्टे. त्यांतलं नागपूरच्या ताईंचं पत्र सगळ्यांत तपशीलवार आहे. बाकीच्यांना पडलेले प्रश्नही त्यात आलेच आहेत, म्हणून त्याला ऐसपैस जागा देते.

प्रश्न (नागपूर): मी घरी पिशव्या आणि पाकिटं बनवते, ती नीट रंगतात. आता घरच्या झोपाळ्यासाठी म्हशीचं व्हेज टॅन, म्हणजे झाडाच्या सालीत कमावलेलं, कातडं आणलं आहे. २२ चौरस फुटांची एक बाजू (जनावराचं अर्धं कातडं), साडेतीन मिलिमीटर जाड. बैठकीचा चार फूट बाय दीड फूट तुकडा कापला आणि एप्रिलमधल्या एका दुपारी अंगणात बसून त्याला स्पिरिटचा तपकिरी रंग ब्रशने लावला. जिथून सुरुवात केली तिथे काळपट, मधे फिकट, आणि ब्रशच्या प्रत्येक ओढीचा पट्टा वेगळा दिसतो. दुसरा हात दिला तर पट्टे अजून ठळक झाले. कातडं फुकट गेलं का? झोपाळ्याला टेकायच्या पाठीचे दोन तुकडे, प्रत्येकी दोन फूट बाय दीड फूट, अजून कोरे आहेत. ते कसे रंगवू?

उत्तर: ताई, कातडं फुकट गेलेलं नाही. बैठक कशी सावरायची ते शेवटी सांगते. आधी कोऱ्या तुकड्यांचं बघू, कारण पट्टे का पडले हे कळलं की दुरुस्तीही आपोआप कळते.

माझ्या हातून हेच झालं होतं. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी एका वकिलांच्या मेजावर अंथरायला सहा फूट बाय तीन फूट कातडं हवं होतं. सासरे माल बघायला अथणीला गेले होते. ते यायच्या आत काम उरकून ठेवावं म्हणून मी भर दुपारी फडक्याची घडी रंगात बुडवली आणि सुरू केलं. संध्याकाळी ते आले तेव्हा कातड्यावर झेब्र्यासारखे पट्टे होते. ते रागावले नाहीत. त्याच जनावराचा उरलेला कोरा तुकडा त्यांनी फरशीवर पसरला, तांब्यात बोटं बुडवली आणि पाठीच्या भागावर एक थेंब, पोटाच्या भागावर एक थेंब टाकला. पोटावरचा थेंब मी बघेपर्यंत आत गेला, खाली एक काळा ठिपका तेवढा राहिला. पाठीवरचा थेंब मण्यासारखा उभा होता, मग हळूहळू बसला. ते म्हणाले, "आदी पाणी पाज त्येला. मग रंगाचं बघ."

तुमच्या पट्ट्यांचं कारण तेच आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं कोरडं असलं की फार तहानलेलं असतं, आणि सगळीकडे सारखं तहानलेलं नसतं. पाठीचा भाग घट्ट विणीचा, पोटाचा आणि काखेचा भाग सैल, मानेवर सुरकुत्या. ब्रश पहिल्यांदा टेकतो तिथे कातडं रंग ओढून घेतं, त्यामुळे ओढीची सुरुवात गडद होते आणि शेवट उपाशी राहतो. त्यात स्पिरिटचा रंग. स्पिरिट उडून जातं, आणि नागपूरच्या एप्रिलमध्ये अंगणात ते काही सेकंदांत उडतं. पहिली ओढ वाळलेली असताना तिच्या कडेवर दुसरी ओढ चढली की त्या कडेला रंगाचे दोन थर होतात. तोच तुमचा पट्टा. पाकिटाला हे होत नाही, कारण पाकिटाची पहिली कड वाळायच्या आत तुम्ही शेवटच्या कडेला पोचलेल्या असता.

तर आता कोऱ्या तुकड्यांचं काम असं करा.

तुकडे नक्की मापाचे कापू नका. चारही बाजूंनी एक-एक सेंटिमीटर जास्त ठेवा, कारण ओलं होऊन वाळलेलं कातडं थोडं आकसतं आणि कडांना रंग नेहमी जास्त बसतो. रंग, तेल सगळं झालं की मग रापीने, म्हणजे कातडं कापायच्या पात्याने, माप काढा.

नंतर सफाई. हाताचं तेल, दुकानदाराच्या बोटांचे ठसे, घडीवर बसलेली धूळ हे सगळं डोळ्यांना दिसत नाही, रंग चढल्यावर दिसतं. स्वच्छ सुती फडकं स्पिरिटमध्ये भिजवून, पिळून, पूर्ण तुकडा एकदा पुसून घ्या. फक्त डाग दिसतो तेवढंच पुसू नका, नाहीतर पुसलेला गोल वेगळा रंगेल. मग पाण्याच्या थेंबाची परीक्षा घ्या, आठ-दहा ठिकाणी. जिथे थेंब नुसता उभा राहतो आणि आत जायचं नाव घेत नाही तिथे अजून चिकट किंवा मेणचट काहीतरी आहे, तिथून परत पूर्ण तुकडा पुसा.

आता ओलवणं. या पायरीला लोक कंटाळतात आणि सगळं बिघडतं ते इथेच. दोन स्पंज, प्लॅस्टिकची बादली. लोखंडी बादली किंवा घमेलं अजिबात नको, आणि बोअरचं पाणी लाल गाळाचं असेल तर तेही नको. सालीत कमावलेल्या कातड्याला लोखंड लागलं की निळे-काळे ठिपके उठतात आणि ते तुमच्या रंगाखालून डोकावत राहतात. आधी मागची, मांसाची बाजू ओली करायची, मग वरची. पाणी वाहायला नको, पण कोरडी जागाही राहायला नको. मग तुकडा सैल गुंडाळून प्लॅस्टिकच्या कागदात रात्रभर ठेवायचा. सासरे ओल्या धोतराच्या पटात ठेवायचे, काम तेच. रात्रभरात पाणी आतल्या आत सरकतं. घट्ट भागाला वेळ मिळतो, सैल भाग आधीच भरलेला असतो, आणि सकाळी सगळ्या कातड्याची तहान जवळपास सारखी झालेली असते.

सकाळी उलगडून सपाट पसरा आणि थांबा. कातड्याचा मूळचा फिकट रंग बहुतेक परत आलेला दिसला पाहिजे, पण हाताची मागची बाजू टेकवली तर गार लागलं पाहिजे. गार लागतं आणि ओल हाताला येत नाही, ती वेळ रंगाची. नागपुरात अर्ध्या तासात येईल, म्हणून बाकीची तयारी आधी करून ठेवा.

तयारीतली मुख्य गोष्ट रंगाचं माप. निम्म्यावर रंग संपला आणि नवा मिसळला तर तो कधीच तंतोतंत जुळत नाही, एकाच कंपनीची दुसरी बाटली फोडली तरी. त्याच कातड्याचा एक चौरस फूट तुकडा घ्या, तोही ओलवून, आणि एक हात द्यायला किती मिलिलिटर लागतात ते औषधाच्या टोपणाने मोजा. समजा ८ लागले. तुमचे दोन तुकडे मिळून सहा चौरस फूट, तीन हात द्यायचे, म्हणजे १४४. वरती चौथाई धरून १८० मिलिलिटर एकाच भांड्यात कालवून ठेवा. हा रंग पातळ हवा. स्पिरिटचा रंग असेल तर एक भाग रंगाला एक ते दोन भाग त्याचंच पातळ करायचं द्रावण किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. एका दाट हातापेक्षा तीन पातळ हात केव्हाही चांगले. एखाद्या हातात चूक झाली तरी ती तिसऱ्या हिश्श्याची होते आणि पुढचे हात ती झाकतात. हा चाचणीचा तुकडा टाकू नका, वाळवून तेल लावून बघा. ओल्या रंगावरून निवड केली तर फसगत होते, वाळल्यावर रंग फिका पडतो आणि तेलाने परत गडद होतो.

मोठ्या कामाला ब्रश नकोच. तळहाताएवढा दाट स्पंज किंवा लोकरी कातड्याचा तुकडा घ्या. रंग पसरट ताटलीत ओता, स्पंज बुडवा, ताटलीच्या काठावर दाबून निथळा, आणि पहिला स्पर्श कातड्यावर न करता बाजूच्या रद्दीवर करा. तिथे जास्तीचा रंग उतरतो. मग कातड्याच्या एका लांब कडेपासून लहान-लहान गोल फिरवत पुढे जायचं. प्रत्येक गोल आधीच्या गोलावर अर्धा चढलेला हवा आणि पुढची कड सतत ओली राहिली पाहिजे. मधे फोन घ्यायचा नाही, दारावर कोणी आलं तरी उठायचं नाही. बैठकीसारखा लांब तुकडा असेल तर दोघींनी मिळून करा: एकीने स्पंज फिरवायचा, दुसरीने रंग भरलेला दुसरा स्पंज हातात द्यायचा. आमच्याकडे हे काम मी आणि जाऊ करतो. स्पंज बदलण्यात जाणारे पाच सेकंदसुद्धा मोठ्या कातड्यावर दिसतात.

पहिला हात पूर्ण झाला की तो डागाळ दिसेल. दिसू द्या. डाग दिसतोय तिथे परत जाऊन घासत बसलात की तोच कायमचा होतो. वीस-पंचवीस मिनिटं थांबून दुसरा हात आडवा द्या, म्हणजे पहिला लांबीत फिरवला असेल तर हा रुंदीत, आणि तिसरा परत लांबीत. दुसऱ्या हाताअखेर कातडं एकसारखं दिसायला लागतं, तिसरा रंगाची खोली देतो. वेळ सकाळची, जागा घरातली, खिडक्या उघड्या आणि पंखा बंद. पंख्याच्या तोंडाची बाजू आधी वाळते आणि गडद पडते. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे देवघरातला दिवा आणि गॅस तेवढा वेळ बंदच ठेवा, हातात मोजे घाला.

वाळवणं सपाट जागेवर. दोरीवर टाकलं की दोरीची रेघ पडते आणि रंग खालच्या कडेला उतरतो. मी एकदा नवारीच्या बाजेवर पसरलं होतं. पट्ट्यांवर टेकलेली जागा ओली राहिली, मधल्या चौकोनांना वारा लागला, आणि मागच्या बाजूने पूर्ण बाजेचा नमुना उठला. तेव्हापासून आम्ही भाजीवाल्यांकडे असतात तशा प्लॅस्टिकच्या जाळीदार क्रेटा उलट्या ठेवून, वर मच्छरदाणीचं कापड ताणून त्यावर वाळवतो. सावलीत, एक पूर्ण दिवस.

वाळलं की मऊ सुती फडक्याने जोर लावून घासा. फडक्याला रंग येईल, तो वर बसलेला सुटा रंग आहे, तो निघालाच पाहिजे. फडकं जवळपास स्वच्छ येईपर्यंत घासायचं. झोपाळ्यावर पांढरा सदरा घालून कोणीतरी बसणारच आहे, त्यामुळे इथे आळस नको. मग तेल, अगदी थोडं, फडक्याला लावून. वरून ओतलं तर त्या जागी तेलाचा डाग कायमचा. दुसऱ्या दिवशी वरचं संरक्षक द्रावण, दोन पातळ हात.

आता रंगवून झालेली बैठक. फिकी ती होणार नाही, गडद होऊ शकते, हे धरून चाला. स्पिरिटमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने पूर्ण बैठक गोल-गोल पुसा. गडद पट्ट्यांतला थोडा रंग सुटतो आणि फिकट जागेत सरकतो. फडकी बदलत राहा, चार-पाच लागतील. मग ती वरच्यासारखी रात्रभर ओलवा आणि मूळ तपकिरीपेक्षा दोन छटा गडद, चॉकलेटी म्हणतात त्या रंगाचे दोन पातळ हात द्या. पट्ट्यांची हलकी सावली राहील, उजेड तिरका पडला तरच दिसेल. पाठीच्या तुकड्यांनाही तोच गडद रंग द्या, म्हणजे झोपाळा एका रंगाचा होईल.

आणि एक. पोटाकडचा भाग कितीही ओलवला तरी पाठीच्या भागासारखा तंतोतंत रंगत नाही. तो बैठकीच्या खाली दुमडला जाईल अशा बाजूला ठेवून कापायला हवा होता. उरलेल्या कातड्यावर खडूने रेघ मारून ठेवा, पोटाची बाजू कुठे ते.

प्रश्न (सोलापूर): आमच्या नाटकमंडळाच्या ऐतिहासिक नाटकासाठी दोन फूट व्यासाच्या आठ ढाली बनवायच्या आहेत. काळा रंग हवा आहे. बाजारचा काळा रंग लावला तर हाताला येतो आणि आठ ढाली आठ प्रकारच्या काळ्या होतात. हिरडा आणि लोखंड वापरून काळं करतात असं ऐकलं आहे. ते घरी जमेल का?

उत्तर: जमेल, आणि तुमच्या कामाला त्याहून चांगलं काही नाही. या पत्राने मला खरंच आनंद झाला, कारण हे काळं आता फारसं कोणी विचारत नाही.

वर नागपूरच्या ताईंना लोखंडी बादली वापरू नका म्हणाले, तेच लोखंड इथे मुद्दाम वापरायचं आहे. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत जो तुरट अंश असतो तो कातड्यात मुरलेला असतो. त्याला लोखंडाचं पाणी भेटलं की काळा रंग तिथल्या तिथे, कातड्याच्या आत तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची जुनी शाई व्हायची ती याच गुणाने. वरून बसवलेला रंग हाताला येतो, आत तयार झालेला येत नाही. आणि मोठ्या तुकड्याला त्याचा फायदा असा की स्पंजाची ओढ कुठे सुरू झाली, कुठे संपली याला महत्त्व उरत नाही. तुरटपणा आहे तोवर काळं होतं, तो संपला की थांबतं. दोनदा हात फिरला म्हणून दुप्पट काळं होत नाही.

पण कातडं सालीत कमावलेलंच पाहिजे. क्रोमच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेल्या, कातड्यावर काहीच होणार नाही. कापलेली कड बघा: क्रोमची कड बहुतेक निळसर-राखाडी असते, सालीत कमावलेल्याची तांबूस-पिवळी.

हिराकस शेतीच्या दुकानात फेरस सल्फेट म्हणून मिळतं, पण मी ते वापरू नका असंच सांगेन. त्यातून उरणारं आम्ल कातड्याचे तंतू कमजोर करतं. तसल्या शाईने कालांतराने कागदही खाल्ला जातो. त्यापेक्षा व्हिनेगर सौम्य. अर्धा लिटर पांढरं व्हिनेगर काचेच्या बरणीत घ्या. भांडी घासायची बारीक लोखंडी लोकर मूठभर, पण स्टेनलेस स्टीलची नको. साबणाने धुऊन तिच्यावरचं तेल काढून टाका, तुकडे करून बरणीत सोडा. झाकण सैल ठेवायचं, आत वायू होतो, घट्ट बंद केलं तर बरणी फुटेल. विस्तवापासून लांब, दोन आठवडे. मग सुती कापडातून दोनदा गाळून घ्या. लोखंडाचा एक कण जरी राहिला तरी ढालीवर ठिपका उठतो.

आठ ढालींचं काळं सारखं यावं यासाठी हिरड्याचा काढा आधी लावा. ५० ग्रॅम हिरडा पूड एक लिटर पाण्यात उकळून, गाळून, पूर्ण गार करून. पातेलं स्टीलचं घ्या, लोखंडी कढई नको. काढा गारच हवा. ओल्या कातड्याला कढत पाणी लागलं तर ते आकसून लाकडासारखं कडक होतं आणि परत कधी मऊ होत नाही. आठही ढालींना काढ्याचे दोन हात द्या, तासाभराच्या अंतराने. त्यामुळे ज्या तुकड्यात तुरटपणा कमी होता तोही बाकीच्यांच्या बरोबरीला येतो. ओलसर असतानाच लोखंडाचं पाणी स्पंजाने फिरवा. पहिल्या क्षणी काही होत नाही, मग राखाडी सावली येते आणि बघता बघता मावळतीनंतरच्या आभाळासारखा निळा-काळा रंग भरत जातो. मी इतकी वर्षं बघते आहे, तरी त्या वेळी हातातलं काम सोडून बघत बसते.

दहा-पंधरा मिनिटांनी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून त्याने पुसा, म्हणजे आम्ल मरेल. मग दोनदा साध्या पाण्याने. ढालीला फुगीर आकार द्यायचा असेल तर कातडं ओलं आहे तोवर लाकडी साच्यावर किंवा उलट्या कढईवर ठोकून बसवा, कढईवर बसवणार असाल तर मधे प्लॅस्टिक घाला. वाळल्यावर रंग राखाडी, मेल्यासारखा दिसेल. घाबरू नका. तेलाचा हात फिरला की काळं उजळून येतं. या पद्धतीत कातडं कोरडं पडतं, त्यामुळे तेलाचे दोन हात लागतात, मधे एक रात्र सोडून.

प्रश्न (पुणे): आमचा तीन जणांचा चामड्याचा सोफा १२ वर्षांचा आहे. हातांवर आणि डोकं टेकतो तिथे रंग उडाला आहे. सदरात सांगता तसा रंग लावून पूर्ण सोफा एकसारखा करता येईल का?

उत्तर: दादा, या सदरात सांगते तो रंग तुमच्या सोफ्याला चालणार नाही. सोफ्याचं कातडं बहुतेक क्रोमचं असतं. कारखान्यात फिरत्या पिंपात आरपार रंगवून वर रंगीत लेपाचा थर दिलेला असतो. तुमचा उडाला आहे तो हा लेप. पाण्याचा थेंब टाकून बघा: चांगल्या भागावर तो तसाच उभा राहील, उडालेल्या भागावर आत जाईल. जिथे थेंब शिरत नाही तिथे रंगही शिरणार नाही, तो उडालेल्या भागातच पिऊन बसेल आणि सोफा आहे त्याहून डागाळ दिसेल.

तुम्हाला हवा आहे तो कातड्यासाठीचा पिगमेंट रंग, पाण्यावर आधारलेला, वरून थर धरणारा. त्याआधी एक खात्री करा. पुष्कळ सोफ्यांना बसायच्या आणि टेकायच्या जागी कातडं असतं, बाजूला आणि मागे रेग्झिन. गादीची चेन उघडून कापडाची उलटी बाजू बघा. तंतुमय, लोकरी दिसली तर कातडं, विणलेलं कापड दिसलं तर रेग्झिन. दोन्हींवर रंग वेगळा बसतो, म्हणून रंग घेताना दुकानदाराला तसं सांगा.

काम साधारण असं: सौम्य साबणाने धुणं, वाळवणं, स्पिरिटने तेल काढणं. डोकं टेकायची जागा दोन-तीन वेळा पुसावी लागते, केसांचं तेल वर्षानुवर्षं मुरलेलं असतं आणि तिथून रंग सोलून येतो. मग बारीक पॉलिश पेपरने हलकी घासणी, आणि पातळ रंगाचे चार-पाच हात. सपाट भागावर स्पंज चालतो, पण शेवटचे दोन हात फवाऱ्याने द्या. इतक्या मोठ्या जागेवर स्पंजाच्या खुणा फवाराच मिटवतो. फक्त हात-टेकणी रंगवून बाकीचा सोफा सोडू नका. निदान शिवणीपासून शिवणीपर्यंतचा पूर्ण भाग एका वेळी घ्या, म्हणजे जोड शिवणीत लपतो.

प्रश्न (रत्नागिरी): जूनमध्ये पाच फुटांचं कातडं रंगवलं, छान एकसारखं आलं. चार दिवसांनी त्यावर पांढरट बुरशी. पुसली तर तिथला रंगही फिका वाटतो. पावसाळ्यात मोठं कातडं रंगवूच नये का?

उत्तर: रंगवा, पण ओलवणं कमी करा. तुमच्याकडे हवेतच इतकी ओल असते की कातडं कोरडं नसतंच. रात्रभर गुंडाळून ठेवण्याऐवजी ओला स्पंज दोन्ही बाजूंनी एकदा फिरवा, तासभर झाका आणि रंगाला लागा. पाण्याच्या रंगापेक्षा स्पिरिटचा बरा, लवकर वाळतो आणि तुमच्या हवेत इतक्या पटकन उडतही नाही की पट्टे पडावेत.

बुरशी आली आहे ती घरात झटकू नका. कातडं पडवीत न्या, कोरड्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. मग स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं करून पूर्ण कातडं पुसा, नुसती बुरशीची जागा नको. फिकट वाटणारा भाग बहुतेक वेळा कोरडा पडलेला असतो, रंग गेलेला नसतो. आधी तेलाचं बोट फिरवून दोन दिवस बघा, रंग परत आला तर काही करायचं नाही. नाही आला तर पूर्ण कातड्याला पातळ रंगाचा एक हात.

तेल मात्र पावसाळ्यात निम्मंच लावा. आणि वाळेपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, भिंतीला टेकवूनही ठेवू नका. खोलीच्या मधोमध जाळीवर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ उलटत राहा. आमच्या ओळखीचे मालवणचे एक कारागीर कातड्याच्या खाली विजेचा दिवा लावून ठेवतात. ऊब चांगली मिळते, पण दिवा एकाच जागी राहिला तर वरची जागा आधी वाळते आणि तिथे गोल उठतो. लावणारच असाल तर जमिनीजवळ, बाजूला लावा, कातड्याच्या बरोब्बर खाली नको.